पंचेचाळिशीनंतर एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करावं का? कोणी केलं असेल तर लिहा

निशिगंधा_नाशिक

नमस्कार मंडळी. वय सेहेचाळीस. सातपूरच्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहे, बीकॉम झाल्यापासून तिथेच. घराचं कर्ज फिटलं. मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि नवऱ्याची नोकरी अजून दहा वर्षं आहे.

काही वर्षांपासून शनिवारी एका कौटुंबिक समुपदेशन केंद्रात हिशोब लिहायला जाते. बाहेरच्या टेबलावर व्हाउचर लावत बसते. आतल्या खोलीत ताई बायकांशी बोलत असतात. आत जाताना बाईचा चेहरा वेगळा असतो आणि तासाभराने बाहेर येताना वेगळा, एवढंच मला बाहेरून कळतं. प्रश्न सुटलेला नसतोच, पण पुढे काय करायचं ते तिला ठाऊक झालेलं असतं. मला ते काम शिकायचं आहे. हौस म्हणून नाही, उरलेली पंधरा-वीस वर्षं तेच करायचं या हिशोबाने.

विचारायचं आहे ते असं. या वयात रेग्युलर कॉलेज जमेल का, की दूरशिक्षणाचं मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू बरं? पदवी खरंच लागते का, की संसारात आणि नोकरीत जे शिकलो त्यावर भागतं? आणि शेवटी काम मिळतं का? घरात विरोध नाही, पण सासूबाई रोज एकदा विचारतात, "चांगली खुर्ची सोडून हे कशाला?" त्यांना द्यायला माझ्याकडे नीट उत्तर नाही.

सह्यकडा

ताई, मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन पन्नाशीनंतर इग्नूतून एमएसडब्ल्यू केलं, म्हणून लिहितो.

कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो, कमाल वयाची अट नाही. दोन वर्षांचा अभ्यासक्रम चार वर्षांपर्यंत लांबवता येतो. नोकरी करणाऱ्याला हाच मोठा आधार. माध्यम इंग्रजी किंवा हिंदी, मराठी नाही. पुस्तकं वाचणं आणि असाइनमेंट लिहिणं रात्री जमतं. अडचण येते ती फील्डवर्कला. ते संस्थेत प्रत्यक्ष जाऊनच करायचं असतं, मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली, आणि त्याची नोंदवही द्यावी लागते. नोकरी सोडायची नसेल तर रजा आताच साठवायला लागा. आमच्या गटातल्या काहींचं सगळं पूर्ण झालं, फक्त फील्डवर्क राहिलं आणि त्यापायी पदवी लटकली.

नोकरीचं म्हणाल तर राज्य सरकारी भरतीची कमाल वयोमर्यादा खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे. म्हणजे सरकारी रुग्णालयातलं समाजसेवा अधीक्षकाचं पद आपल्याला बंद. हे आधीच माहीत असलेलं बरं. संस्था, ट्रस्टची रुग्णालयं, कंपन्यांचे सीएसआर (सामाजिक जबाबदारीचे) विभाग, शाळा हे दरवाजे उघडे आहेत. मी सध्या एका ज्येष्ठ नागरिक हेल्पलाइनवर आहे. तिथे माझं वय फार उपयोगी पडतं. सत्तरीच्या गृहस्थाला मुलाविरुद्ध निर्वाहासाठी अर्ज करायचा असतो तेव्हा पंचविशीतल्या मुलापुढे त्याचे शब्द अडखळतात, माझ्यापुढे तो बोलतो.

वॉर्ड_नऊ

मी मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक आहे. ताईंनी "पदवी खरंच लागते का" असं विचारलंय, त्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते.

आमच्याकडे येणारं काम बाहेरून कागदपत्रांचं दिसतं. डायलिसिसवरचा पेशंट आहे, शिधापत्रिका गावाकडची, आधारवर पत्ता तिसरीकडचा, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसवायचं आहे. ज्या ट्रस्ट रुग्णालयांना धर्मादाय योजना लागू आहे तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. शिवाय एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावी लागते. नातेवाइकांना हे कोणी सांगत नाही. कुठे खाट रिकामी आहे, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला कसा लवकर मिळेल, हे सगळं आम्ही पाहतो. हुशार माणूस हे सहा महिन्यांत शिकतो, त्याला पदवी नको.

पण त्याच टेबलावर दुसरंही काम येतं. बेवारस म्हणून आणलेल्या माणसाला शुद्ध आली, तो पत्ता सांगतो आणि म्हणतो घरी कळवू नका. बायकोला एचआयव्हीची लागण झाल्याचं नवऱ्याला सांगायचं आहे आणि ती तयार नाही. पोटातल्या बाळात व्यंग आहे, सासू म्हणते एक, नवरा म्हणतो दुसरं आणि तिला कोणी विचारलेलंच नाही. अशा वेळी चांगल्या मनाचा माणूस स्वतःला जे योग्य वाटतं ते करून टाकतो. प्रशिक्षित माणूस आधी विचारतो की हा निर्णय कोणाचा आहे, माहिती कोणाची आहे, ती मी कोणाला देऊ शकते. हे आपोआप येत नाही. दोन वर्षं कोणीतरी तुमच्या नोंदी वाचून तुम्हाला टोकत राहिलं तरच अंगवळणी पडतं.

मुंबईत वैद्यकीय समाजकार्याची सुरुवात १९४६ साली जे. जे. रुग्णालयात झाली. इतकी वर्षं झाली तरी डॉक्टर आम्हाला "जरा समजावून सांगा हो यांना" म्हणून बोलावतात. समजावून सांगणं हा आमच्या कामाचा फार छोटा भाग आहे.

अवयव प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयात प्रत्यारोपण समन्वयक असावाच लागतो, २०११ च्या कायदा दुरुस्तीनंतर. त्या पदासाठी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी असलेल्यांना प्राधान्य असतं. मेंदूमृत घोषित झालेल्या मुलाच्या आईशी बोलायला प्रौढ, शांत माणूस लागतो. या वाटेचा ताईंनी विचार करावा.

जाईजुई

वाचतेय. मीही त्रेचाळीस, मीही याच विचारात. लिहीत राहा सगळे.

पैलतीर

वेगळा सूर लावतो, ताईंनी राग मानू नये. मी एका विश्वस्त संस्थेचा कार्यवाह आहे. आमच्यासारख्या शेकडो संस्थांना समुपदेशक सापडतात, हिशोब नीट ठेवणारा माणूस सापडत नाही. १२ए आणि ८०जी या आयकर सवलतींची नोंदणी आता ठरावीक वर्षांनी नव्याने करावी लागते. परदेशी देणगी घ्यायची तर २०२० च्या दुरुस्तीनंतर दिल्लीच्या ठरावीक स्टेट बँक शाखेतच खातं हवं आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही. सीएसआरचा पैसा मिळाला की उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत द्यायचं. यातलं एक चुकलं की चांगली चाललेली संस्था बंद पडते आणि तुमच्या त्या आतल्या खोलीतल्या ताईंचा पगारही बंद होतो. तुम्ही पूर्णवेळ संस्थांचे हिशोब बघायला लागलात तर दोन वर्षं आणि फी, दोन्ही वाचतील आणि समाजाचं जास्त भलं होईल. पगारही बरा मिळेल.

निशिगंधा_नाशिक

पैलतीर काका, राग कसला. तुम्ही म्हणता ते खरं आहे, त्या केंद्राचं ऑडिट अडकलं होतं तेव्हा मी ते पाहिलं आहे. गरज पडेल तिथे हिशोब मी लिहीनच. पण आयुष्यभर तेच केलं आहे आणि मला ते नीट येतं, हेच ते सोडण्याचं कारण आहे. मला माणसांबरोबर बसायचं आहे. समाजाचं जास्त भलं कशात, असा विचार करून मी इथवर आलेली नाही. मला हे काम करावंसं वाटतं आणि ते नीट शिकून करावं एवढाच आग्रह आहे.

वॉर्ड_नऊ, तुमचा प्रतिसाद रात्री नवऱ्याला वाचून दाखवला. "निर्णय कोणाचा आहे" या वाक्यापाशी आम्ही दोघं बराच वेळ बोलत होतो.

रानवारा

मी समाजकार्य महाविद्यालयात शिकवते. फील्डवर्कचे विद्यार्थी माझ्याकडे असतात आणि दर वर्षी त्यात दोन-चार जण चाळिशी ओलांडलेले असतात. त्यांच्याबद्दल मला फार आस्था आहे, म्हणून लांबलचक लिहिते.

आधी कॉलेजांचं. देशातली समाजकार्याची पहिली शाळा मुंबईत १९३६ साली सुरू झाली, सर दोराबजी टाटा यांच्या नावाने. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, टिस. पण त्याच्याही दहा वर्षं आधी, १९२६ साली, क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी नागपाड्यात नेबरहूड हाऊस उघडलं होतं. आसपासच्या गिरणी कामगारांच्या वस्तीत काम करता करता लक्षात आलं की माणसं तयार करायला हवीत. शाळा त्या गरजेतून निघाली. म्हणून आजही समाजकार्याच्या अभ्यासक्रमात वर्गाइतकंच वजन वस्तीला आहे. पुढे मुंबईत निर्मला निकेतन १९५५ साली, नागपुरात मातृसेवा संघाची संस्था १९५८ साली आणि पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था १९६३ साली सुरू झाली. आता बहुतेक जिल्ह्यांत एखादं तरी कॉलेज आहे. टिसचा प्रवेश २०२४ पासून सीयूईटी-पीजी या सामायिक प्रवेश परीक्षेवर होतो, बाकी ठिकाणची पद्धत त्या त्या विद्यापीठाकडे विचारा. पाहायचं एकच, कॉलेजचं फील्डवर्क खरं चालतं की कागदावर. आत्ता शिकत असलेल्या मुलांना गाठून विचारा की मार्गदर्शक दर आठवड्याला आयसी घेतात का.

आयसी म्हणजे मार्गदर्शकाबरोबरची एकट्याची बैठक. आठवड्यातले दोन दिवस तुम्ही संस्थेत किंवा वस्तीत जाता. आल्यावर रेकॉर्डिंग लिहिता: ती काय म्हणाली, मी काय म्हणाले, त्या वेळी मला काय वाटलं. मग ते घेऊन मार्गदर्शकासमोर बसायचं. मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांना पहिल्या सत्रात याचाच सर्वांत जास्त त्रास होतो. ऑफिसात ज्यांनी वीस माणसं सांभाळली त्यांना कोणीतरी विचारतं, "इथे तुम्ही तिचं बोलणं का तोडलंत?" काही जण दुखावतात. जे टिकतात ते फार चांगले कार्यकर्ते होतात.

एक उदाहरण देते, ओळख पटेल असं काहीही न सांगता. मार खाऊन आलेली बाई. माझी विद्यार्थिनी पन्नाशीची, प्रेमळ, स्वतःच्या मुलींना खंबीर वाढवलेली. पाच मिनिटांत म्हणाली, "तू माहेरी निघून जा." बाई गप्प झाली, ती नंतर बोललीच नाही. तिच्या भावाने आधीच दार लावून घेतलं होतं, हे विचारल्याशिवाय कळणार नव्हतं. दुसरं म्हणजे तिला घर सोडायचंच नव्हतं, मार थांबायला हवा होता. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात तिला त्या घरात राहण्याचा हक्क आहे, घर नवऱ्याच्या नावावर असो की सासऱ्याच्या. संरक्षण अधिकाऱ्याकडे घटनेचा अहवाल नोंदवता येतो, न्यायालयाकडून संरक्षणाचा आणि निवासाचा आदेश मागता येतो. हे सगळं पुढच्या भेटींमध्ये झालं, पण त्यासाठी आधी आमच्या या ताईंना गप्प बसायला शिकावं लागलं. तीन महिने लागले. आज त्या एका महिला कक्षात काम करतात आणि पोलीस त्यांचा सल्ला घेतात.

महिला कक्षावरून आठवलं. १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टिसने महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. समाजकार्याचं शिक्षण घेतलेली माणसं थेट पोलिसांच्या आवारात बसायला लागली. तक्रार लिहून घेण्याआधी बाईचं म्हणणं नीट ऐकलं जावं, ही त्यामागची कल्पना. पुढे राज्य सरकारने ती जिल्ह्याजिल्ह्यांत नेली. निशिगंधाताईंना ज्या कामाची ओढ आहे ते मला याच्या सर्वांत जवळचं वाटतं. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातलं दिलासा केंद्रही पाहण्यासारखं आहे. २००० सालापासून तिथे, रुग्णालयातच, हिंसेला तोंड देणाऱ्या बायकांसाठी काम चालतं.

अजून एक. मनोरुग्णांबरोबर काम करायचं असेल तर एमएसडब्ल्यूवर थांबता येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातल्या व्याख्येनुसार मनोविकार समाजकार्यकर्ता म्हणवून घ्यायला त्यापुढे दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल लागतं. पंचेचाळिशीत एवढी लांब वाट धरायची का, हे आधी ठरवा. मी धरू नका असं म्हणेन.

तिसरा_प्रहर

इतकं वाचल्यावर विचारतो. वय एकोणचाळीस, हायस्कूलमध्ये शिक्षक. बालन्याय मंडळावर किंवा बालकल्याण समितीवर बाहेरच्या लोकांना घेतात ना? त्याला एमएसडब्ल्यू लागतं का?

रानवारा

घेतात. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार मंडळावर एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात, त्यातली एक तरी महिला हवी. बालकल्याण समितीवर अध्यक्ष आणि चार सदस्य. मंडळावरच्या समाजकार्यकर्त्याला मुलांच्या आरोग्य, शिक्षण किंवा कल्याणाच्या कामाचा किमान सात वर्षांचा अनुभव लागतो. अनुभवाऐवजी बाल मानसशास्त्र, समाजशास्त्र, कायदा अशा विषयांची पदवी घेऊन तो व्यवसाय करणाऱ्यांचाही विचार होतो. नियमांनी किमान वय ३५ ठेवलं आहे, त्यामुळे वय इथे तुमच्या बाजूने आहे. शिक्षक म्हणून तुमचं काम जमेस धरतील की नाही ते जाहिरातीतल्या अटी पाहून ठरवा. पगार नसतो, बैठकीचा भत्ता असतो, आणि शाळेची परवानगी लागेल. माझं मत विचाराल तर आधी वर्षभर एखाद्या निरीक्षणगृहात किंवा बालगृहात नियमित जा. तिथल्या मुलाच्या फाइलवर सही करण्याआधी तिथला दिवस कसा उजाडतो आणि मावळतो ते पाहिलेलं असावं.

लीड्सकर

मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगला होते. नवऱ्याच्या नोकरीमुळे इंग्लंडला आले आणि चाळिशीनंतर इथे समाजकार्याचं एमए केलं. इथलं चित्र सांगते, तुलनेला उपयोगी पडेल.

इंग्लंडमध्ये सोशल वर्कर हे नाव कायद्याने राखीव आहे. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण करून सोशल वर्क इंग्लंड या नियामक संस्थेकडे नोंदणी केल्याशिवाय ते नाव लावता येत नाही आणि नोंदणी दर वर्षी नव्याने करावी लागते. अभ्यासक्रमात २०० दिवस प्रत्यक्ष कामाचं शिक्षण असतं. माझ्या वर्गात नर्स होत्या, एक बसचालक होता, दोन शिक्षिका होत्या. मधल्या वयात इकडे येणं इथे कोणाला नवल वाटत नाही.

कामाचा ताण मात्र फार. मुलाला इजा होत असल्याचा संशय आला तर १९८९ च्या चिल्ड्रन अ‍ॅक्टच्या कलम ४७ खाली चौकशी करावी लागते. एखाद्या घराचं दार वाजवताना आपल्या हातात किती मोठा अधिकार आहे याची जाणीव पोटात गोळा आणते. भारतात समाजकार्यकर्त्यांची अशी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्यात वैद्यकीय आणि मनोविकार क्षेत्रातल्या समाजकार्यकर्त्यांचा समावेश झाला, तेवढंच. परिषद व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं. नोंदणी आणि जाब विचारण्याची व्यवस्था असेल तर पगारही सुधारतील आणि कोणीही उठून समुपदेशक अशी पाटी लावणार नाही.

वैनगंगा

गडचिरोली जिल्ह्यातून लिहितो. शहरातल्या प्रतिसादांत पगाराबद्दल कोणी स्पष्ट बोललं नाही, म्हणून मी बोलतो. आमच्याकडे काम प्रकल्पावर चालतं. देणगीदार तीन वर्षांचा पैसा देतो, तीन वर्षं झाली की कार्यकर्ता घरी. ज्या गावात वनहक्काचे दावे भरायला शिकवलं, ग्रामसभेचं दप्तर लावलं, तिथली माणसं विचारतात, "दादा, आता कधी येणार?" आणि दादाचा करार संपलेला असतो. माडिया किंवा गोंडी बोलता येणारा स्थानिक मुलगा बाहेरून आलेल्या एमएसडब्ल्यूवाल्यापेक्षा जास्त काम करतो आणि त्याला कमी पैसे मिळतात. हा अन्याय मी रोज पाहतो.

ताईंना हे घाबरवायला सांगत नाही. घरात दुसरं उत्पन्न आहे, कर्ज नाही, म्हणजे करार संपला तरी चूल पेटती राहील. मग तुम्ही नाशिकमध्येच, तुम्हाला ओळखणाऱ्या माणसांत काम करा. दहा वर्षं एका जागी टिकणारा कार्यकर्ता या क्षेत्रात दुर्मिळ आहे. तुम्ही त्या होऊ शकता, पंचविशीतला मुलगा होऊ शकत नाही, कारण त्याला लग्न करायचं असतं आणि पगार वाढवायचा असतो.

सह्यकडा

वैनगंगा यांना पूर्ण अनुमोदन. माझ्या बरोबरीच्या तरुण मुलामुलींनी हे क्षेत्र सोडलं ते कंटाळून नाही, पैशापायी सोडलं.

पैलतीर

माझं आधीचं मत थोडं बदलतो. वैनगंगांचा टिकण्याचा मुद्दा बिनतोड आहे. ताई, फक्त नोकरीचा राजीनामा देण्याआधी दोन्ही वर्षांचा घरखर्च आणि फी बाजूला काढून ठेवा. आरोग्य विमा कंपनीचा असेल तर तो नोकरीबरोबर जाईल. स्वतंत्र विमा आधीच घ्या, या वयात प्रतीक्षा कालावधी लागतो.

निशिगंधा_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. विम्याचं डोक्यातच नव्हतं, उद्याच चौकशी करते.

ठरवलं ते असं. इग्नूऐवजी रेग्युलर कॉलेज करायचं, कारण दर आठवड्याला कोणीतरी टोकणारं हवं हे आता पटलं आहे. मनोविकाराकडे जाणार नाही, कुटुंब आणि महिला हाच विषय धरणार. कंपनीत जूनपर्यंत थांबते, वर्षअखेरीचं ऑडिट अर्धवट टाकून जाणं मला पटत नाही. केंद्रातल्या ताईंना विचारलं, आतल्या खोलीत नुसती बसू का. त्या नाही म्हणाल्या. आलेल्या बाईची परवानगी नसताना तिसरं माणूस आत घेता येत नाही. त्यांनी मला जुन्या, नावं काढून टाकलेल्या नोंदी वाचायला देऊ केल्या आहेत.

रानवाराताई, एक विचारते. पहिल्या वर्षी फील्डवर्कसाठी मी माझंच केंद्र मागू शकते का?

रानवारा

मागू नका. तिथे तुम्ही हिशोबाच्या ताई आहात, सगळे तुम्हाला तसंच वागवतील आणि चुकलात तरी सांभाळून घेतील. पहिल्या वर्षी जिथे कोणी ओळखत नाही अशी वस्ती मागा, शक्यतो समुदाय संघटनाचं काम. पाण्याचा नळ, अंगणवाडी, शिधापत्रिका. कुटुंबाचे प्रश्न वस्तीतूनच वर येतात, ते खोलीत बसून अर्धेच दिसतात. दुसऱ्या वर्षी महिला कक्ष किंवा कुटुंब न्यायालय मागा. तिथल्या विवाह समुपदेशकांचं काम जवळून पाहायला मिळालं तर सोडू नका.

आणि सासूबाईंना प्रवेशाच्या दिवशी कॉलेज दाखवायला घेऊन या. आम्ही पालकांना बोलावतो, सासूबाई आल्या तर आनंदच आहे.

जाईजुई

रानवाराताई, पुण्यातल्या कॉलेजांबद्दल तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. फॉर्म मीही भरतेय.